टाकीतला मासा काळा पडतो तेव्हा

अर्नाळ्यात मासा पारखायला कुणी शाळेत जात नाही. बोट किनाऱ्याला लागली की कोळीण कल्ला उचलून आतला लाल पाहते, डोळ्याची चमक पाहते, पोटाचा रंग उतरला आहे का ते पाहते, आणि तेवढ्यावर भाव ठरतो. मेलेल्या माशाचा रंग वाचण्याची ही विद्या इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जिवंत माशाचा रंग वाचण्याची गरज मात्र अलीकडची. आगाशी-अर्नाळ्यापासून विरारच्या नव्या इमारतींपर्यंत दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या आल्या, क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांतून प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि हवा भरून मासे लोकलने घरी येऊ लागले, आणि त्यांत मोठा भरणा सिक्लिड कुळातल्या माशांचा आहे. एंजल, ऑस्कर, डिस्कस, दुकानदार ज्यांना सरसकट ‘मलावी’ म्हणतात ते निळे-पिवळे मासे, कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न, चोचीसारख्या तोंडाचा पॅरट हे सगळे याच कुळातले किंवा त्याच्या संकरातून झालेले.

हे मासे पाळणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. काल पिवळाधमक होता, आज काळपट का दिसतो? अंगावर नसलेले पट्टे एका रात्रीत कुठून आले? आणि या प्रश्नाला घराघरांत मिळणारे उत्तरही ठरलेले आहे. निळ्या औषधाची बाटली उघडायची आणि टाकीत थेंब सोडायचे. औषधाआधी त्या रंगाकडे नीट पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. सिक्लिडचा रंग बदलणे हा पुष्कळदा आजार नसतो. त्या क्षणी तो मासा टाकीतल्या इतरांशी कोणत्या नात्याने राहतो आहे, त्याला पाणी कसे लागते आहे, तो घाबरला आहे की रागावला आहे, हे त्या कातडीवर उमटत असते. ते वाचता आले नाही तर निरोगी माशाला औषध मिळते आणि त्रासात असलेला मासा तसाच राहतो.

हे घडते कसे ते आधी पाहू. माशाच्या कातडीत रंगपेशी असतात. काहींत काळे कण, काहींत पिवळे किंवा लाल, आणि काही पेशींत रंगच नसतो, तर प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. निळी झाक बरीचशी त्यांच्यामुळे येते. काळ्या कणांची पेशी ताऱ्यासारखी फांद्या फुटलेली असते. तिच्यातले कण फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरले की कातडी काळवंडते, आणि तेच कण मध्यभागी गोळा झाले की मासा फिका पडतो. पेशी जागची हलत नाही, हलतात ते कण. त्यांना हलवणारा हुकूम मज्जातंतूंकडून आला तर बदल काही सेकंदांत दिसतो. संप्रेरकांकडून आला तर वेळ लागतो, पण तो बदल टिकून राहतो. मासा आठवडेच्या आठवडे एकाच स्थितीत राहिला तर मग रंगपेशींची संख्याच वाढते किंवा घटते. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल ज्यांचे नाव आपल्याला माहीत आहे ते कार्ल फॉन फ्रिश मुळात याच प्रश्नाकडे ओढले गेले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओढ्यातल्या लहान माशांवर काम करून त्यांनी फिके पडण्याची सूत्रे मज्जासंस्थेच्या हाती असल्याचे दाखवले. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले ते प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासह. आणि लोरेन्झ यांच्या आवडत्या माशांत सिक्लिड होते.

म्हणून बदल किती वेगाने झाला हे पाहणे पहिले काम. खोलीत दिवा लागला, कुणी काचेवर टकटक केली, आणि मासा क्षणात पांढुरका पडला किंवा अंगावर उभे पट्टे उठले, तर ती भीती. ती जाते. रात्री दिवा बंद केल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिले तर अनेक सिक्लिड दिवसापेक्षा अगदी वेगळे दिसतात; तो त्यांचा झोपेचा वेष. दुकानाच्या उघड्या टाकीत, तळाला वाळू नसताना, प्रखर दिव्याखाली गर्दीत ठेवलेला मासा फिका असतो, आणि घरी काळ्या वाळूवर दोन दगडांच्या आडोशाला सोडला की आठवड्याभरात गडद होतो. दुकानदाराने फसवलेले नसते, मासाही बदललेला नसतो. जागा बदलली. पण रंग हळूहळू, दिवसागणिक उतरत गेला, मासा खाईनासा झाला, पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात किंवा वर पाण्याच्या तोंडाशी राहू लागला, तर तिथे मात्र थांबून चालत नाही. त्याकडे पुढे येऊ.

रंगाचा आणि वर्तनाचा संबंध पाहायला अर्नाळकरांना टाकीसुद्धा लागत नाही. महाराष्ट्रातल्या धरणांत, तळ्यांत सिक्लिड कुळातला एक मासा गेली कित्येक दशके ठाण मांडून आहे. तो म्हणजे तिलापिया, उजनीच्या काठावर ज्याला चिलापी म्हणतात. मूळचा आफ्रिकेचा हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. भराभर वाढेल, काहीही खाईल, स्वस्त प्रथिने देईल ही आशा होती. तो वाढला, पण लहान वयातच विणीला लागून तळी खुज्या माशांनी भरू लागला, आणि १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. तोवर तो सुटला होता. गोडे पाणी त्याला चालते, खाडीचे निमखारे पाणीही चालते. अर्नाळ्याच्या किल्ल्यासमोर वैतरणा समुद्राला मिळते, तिथे दिवसातून दोनदा खारेपण बदलणाऱ्या पाण्यासारखे पाणी सोसण्याची ताकद फार थोड्या तळ्यातल्या माशांत असते. तिलापियात ती आहे.

आता या माशाचे रंग पाहा. मादी आणि विणीला न आलेला नर रुपेरी-करडे, कुशीवर दोन-चार काळसर डाग. विणीचा नर मात्र जवळजवळ काळा होतो, गळ्याखाली पांढरा, पाठीच्या आणि शेपटीच्या परांना लाल किनार. असे काळे नर उथळ पाण्यात शेजारी शेजारी तोंडाने माती उकरून गोल खड्डे करतात आणि आपापला खड्डा राखतात. मादी येते, एखाद्या खड्ड्यात अंडी घालते, ती लगेच तोंडात उचलते आणि निघून जाते. सुमारे तीन आठवडे ती अंडी आणि पिल्ले तोंडात वागवते आणि त्या काळात जवळपास उपाशी राहते. नर खड्डा सोडत नाही, पुढच्या मादीची वाट पाहतो. उन्हाळ्यात पाणी आटले की तळ्याच्या काठच्या चिखलात परातीएवढे हे खड्डे उघडे पडतात. ज्यांनी ते पाहिले त्यांना ते कुणी केले याची कल्पना क्वचित असते.

यात महत्त्वाची गोष्ट अशी की सगळे नर काळे होत नाहीत. ज्याला जागा मिळाली तो होतो. हरलेला नर फिका राहतो, मादीसारखा दिसतो, आणि त्यामुळे त्याच्यावर हल्ले कमी होतात. तोच नर एकटा पडला, समोरचा दांडगा निघून गेला, की त्याचा रंग चढू लागतो. म्हणजे काळेपण हा त्या माशाचा कायमचा गुणधर्म नाही. ते पद आहे, आणि पद जाऊ शकते.

गढूळ पाण्यात हे पद कुणाला दिसणार, हा प्रश्न साहजिक आहे. पावसाळ्यात वैतरणा लाल माती घेऊन येते तेव्हा हातभर पाण्याखालचे दिसत नाही. तिलापियाने यावरही तोड काढली आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की वरचढ नर भांडताना आणि मादीला आळवताना मूत्र सोडतात, आणि त्या मूत्राच्या वासातून समोरच्याला त्यांचे स्थान कळते. वरचढ नराच्या मूत्राचा वास जास्त तीव्र असतो आणि तो ते मोक्याच्या क्षणी जास्त वेळा सोडतो. जो निरोप काळ्या रंगाने द्यायचा तोच वासानेही दिला जातो. टाकीतले पाणी बदलल्यावर शांत असलेले सिक्लिड अचानक भांडू लागतात, याचे एक कारण यात असू शकते: जुन्या पाण्याबरोबर जुनी ओळखही वाहून गेली.

पद मिळाल्यावर माशाच्या आत काय होते याचा सर्वांत सुंदर अभ्यास टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टनी नावाच्या लहान सिक्लिडवर झाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. या माशांत जागेचे मालक असलेले नर निळे किंवा पिवळे, डोळ्यावरून खाली उतरणारी काळी रेघ असलेले. बिनजागेचे नर करडे, मादीसारखे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी दिवे लागण्यापूर्वी, अंधारात पाहता येणारा चष्मा लावून, टाकीतल्या मालक नराला हलकेच उचलून नेले. सकाळ झाली. करड्या नराला वरचढ दिसत नाही हे कळले आणि काही मिनिटांत त्याच्या डोळ्यावरची रेघ उमटली, अंगावर रंग आला, तो इतरांना हुसकावू लागला. एवढेच झाले नाही. मेंदूत प्रजननाची साखळी सुरू करणाऱ्या पेशींत त्याच वेळी एक जनुक जागे झाले, आणि पुढच्या दिवसांत त्या पेशी कितीतरी मोठ्या झाल्या. जागा गेली तर त्या पुन्हा आक्रसतात. शरीराची रचना समाजातल्या स्थानाप्रमाणे बदलते, आणि रंग ही त्या बदलाची बाहेर दिसणारी पहिली खूण.

हे मासे पाहूनही शिकतात. फर्नाल्ड यांच्याच प्रयोगशाळेतल्या २००७ च्या अभ्यासात एका नराला काचेतून इतर नरांच्या जोडीजोडीने झुंजी दाखवल्या. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, असे क्रमाने. मग कधीच समोरासमोर न आलेल्या दोघांत कमजोर कोण हे त्याने अचूक ओळखले आणि तो त्याच्या बाजूला गेला. टाकीतल्या भांडणाकडे कोपऱ्यातून बघत बसलेला मासा काहीतरी जमा करत असतो, असे त्यानंतर म्हणावेच लागते.

मलावी ठेवणाऱ्यांनी हे घरी पाहिलेले असते, फक्त त्याचा अर्थ लागलेला नसतो. ऑराटस नावाचा मासा लहानपणी पिवळा, अंगावर काळे आडवे पट्टे. माद्या आयुष्यभर तशाच. नर मोठा होऊन वरचढ झाला की चित्र उलटते: अंग काळे-निळे, पट्टे फिके. केनयीमध्ये बरोबर याच्या विरुद्ध. पिल्ले आणि माद्या निळ्या, मोठा नर पिवळा. सहा सारखे पिवळे मासे आणले, वर्षभरात त्यातला एक काळा झाला आणि बाकीच्यांच्या परांच्या चिंध्या झाल्या, तर काळा झालेला मासा आजारी नाही. आजारी पडतील ते उरलेले पाच. त्यांतले नर मोठे झाले तरी लहानपणीचाच वेष घालून राहतात, कारण तो वेष उतरवला की मार आहे. लपायला जागा, पुरेशी लांबीची टाकी, आणि एका नरामागे अनेक माद्या, एवढे मिळाले तर हा जाच बराच कमी होतो. दोन फुटांच्या टाकीत तो कमी होत नाही, मग औषध कुठलेही टाका.

रंग फक्त दरारा दाखवायला वापरला जातो असेही नाही. याच कुळात पालकपणाचा रंग आहे, आणि त्याची उत्तम उदाहरणे आपल्याच किनाऱ्यावरची आहेत. सिक्लिड म्हणजे आफ्रिका आणि अमेरिका, असे दुकानात शिकायला मिळते. पण भारतात या कुळाच्या 3 देशी जाती आहेत. त्यांतली मोठी म्हणजे गोव्याच्या खाजणांत मिळणारी काळुंदर, केरळची करिमीन, जिला २०१० मध्ये त्या राज्याने राज्यमासा ठरवले. हिरवट अंगावर मोत्याच्या ठिपक्यांच्या ओळी आणि उभे काळे पट्टे. धाकटी आहे केशरी क्रोमाइड, बोटाएवढी, पिवळ्या अंगावर लाल ठिपके असलेली, आणि तिसरी कर्नाटकातल्या नद्यांपुरतीच उरलेली. एरवी थव्याने फिरणारे केशरी क्रोमाइड जोडी जमली की जागा धरतात, आणि अंडी झाली की नर-मादी दोघांच्या पोटाची खालची बाजू आणि पोटाखालचे पर काळे होतात. पिवळ्या अंगाखाली ते काळे पर झटक्यात उघडमिट केले की पिल्ले धावत जवळ येतात. पिल्ले आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म टिपून खातात. डिस्कसमध्येही असेच आहे. तिथेही पिल्ले सांभाळणारे पालक गडद होतात आणि पिल्ले गडद अंगाकडे ओढली जातात. डिस्कसची जोडी काळवंडली म्हणून घाईने औषध टाकणारा माणूस कदाचित पहिल्या पिलावळीच्या तोंडाशी ते टाकत असतो.

श्रीलंकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉर्ड आणि वायमन या अभ्यासकांनी पाहिले की केशरी क्रोमाइड मोठ्या काळुंदरीच्या अंगावरचे परजीवी टिपून तिला साफ करतात. एकाच खाडीतले दोन भाऊबंद, एक दुसऱ्याची सेवा करणारा. आमच्या मते घरच्या टाकीसाठी यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडणार नाही. निमखारे पाणी त्यांना मानवते, तापमान आपल्याकडचे चालते, हीटरची गरज सहसा पडत नाही. हजारो मैलांवरून आलेल्या माशांसाठी पाण्याची खटपट करणाऱ्या किनारपट्टीवरच्या माणसाने या देशी माशांची माहितीही करून घेऊ नये, याचे वाईट वाटते.

सिक्लिडांच्या रंगाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर व्हिक्टोरिया सरोवरातून मिळाले. त्या एका सरोवरात 500 च्या आसपास जाती, आणि बऱ्याच जवळच्या जातींत फरक मुख्यतः नराच्या रंगाचा. निळे नर उथळ पाण्यात, तांबडे खोल पाण्यात, कारण खाली जाऊ लागले की निळा उजेड आधी गळतो आणि तांबडा उरतो. माद्या आपल्या जातीचा नर रंगावरून निवडतात. ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिले की काठावरच्या शेतांतून आणि वस्त्यांतून वाहून आलेल्या पोषकांमुळे सरोवराचे पाणी गढूळ होत चालले, रंग ओळखू येईनासे झाले, नरांचे रंग फिके पडले आणि वेगवेगळ्या जाती एकमेकींत मिसळू लागल्या. कुणी एक मासाही न मारता जाती संपू लागल्या. पाणी स्वच्छ असणे म्हणजे ते पिण्याजोगे असणे एवढाच अर्थ आपण घेतो. माशांसाठी पाण्यातून आरपार दिसणे हीसुद्धा जगण्याची अट आहे, आणि वैतरणेच्या मुखाशी गाळ आणि सांडपाणी किती येते याचा विचार करताना ही बाजूही धरायला हवी.

बाजाराचे या रंगांशी नाते वेगळे आहे. माशाचा रंग परिस्थितीप्रमाणे येतो-जातो, आणि गिऱ्हाइकाला तो साडीच्या रंगासारखा पक्का हवा असतो. मग तो पक्का करण्याच्या युक्त्या निघतात. अन्नातून कॅरोटिनॉइड देणे ही त्यातली निरुपद्रवी. लाल-पिवळा रंग माशाला शरीरात बनवता येत नाही, तो खाण्यातूनच मिळतो, आणि कोळंबीच्या सालींतही तो असतो. पण पिल्लांना आणि माद्यांना पुरुषी संप्रेरक देऊन अकाली रंगवणे हा प्रकारही जगभरच्या व्यापारात आहे. अशी मादी घरी आल्यावर काही आठवड्यांत करडी होते आणि बहुतेकदा तिची वीण बिघडलेली असते. पॅरट माशांना रंगाच्या पाण्यात बुडवून किंवा सुईने रंग टोचून जांभळे, हिरवे करतात. ते रंग काही महिन्यांत विटतात, आणि त्या जखमांतून रोग शिरतात. निसर्गात कुठल्याही सिक्लिडच्या अंगावर नसलेला रंग समोर दिसला तर तो घेऊ नये. मागणी असेपर्यंत सुई थांबणार नाही.

फ्लॉवरहॉर्नचे प्रकरण जरा निराळे. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला, आणि भरभराट आणणारा मासा म्हणून आपल्याकडे विकला जाऊ लागला. त्याच्या काही वाणांत पिल्ले करडी असतात, वाढताना काळा रंग सोलून निघावा तसा जातो आणि खाली सोनेरी किंवा लाल अंग दिसू लागते. निकाराग्वाच्या सरोवरांतल्या मिडास सिक्लिडमध्येही असेच होते; काही माशांत काळ्या रंगपेशीच मरतात आणि ते कायमचे सोनेरी होतात. हा बदल परत फिरत नाही आणि त्यात दुखणे नाही. आमचा आक्षेप आहे तो आरशाला. रंग खुलावा, टेंगूळ वाढावे म्हणून फ्लॉवरहॉर्नच्या काचेला रोज आरसा लावण्याची पद्धत पाळणाऱ्यांत आहे. मासा प्रतिस्पर्धी समजून कल्ले फुलवतो, रंग गडद होतो, बघणाऱ्याला आनंद होतो. बर्टनी सिक्लिडवरच्या २०१० च्या एका अभ्यासात आरशाशी लढणाऱ्या आणि खऱ्या माशाशी लढणाऱ्या नरांची तुलना केली होती. बाहेरून झुंज सारखीच दिसली. मेंदूत मात्र, भीतीशी निगडित भागात, आरशापुढे जास्त खळबळ आढळली. खरा शत्रू कधीतरी माघार घेतो किंवा जिंकतो. आरशातला यांतले काहीच करत नाही. रोजची ही करमणूक बंद करावी, असे आम्हाला वाटते.

आता काळवंडून कोपऱ्यात बसलेला तो मासा. त्याच्या बाबतीत पहिला संशय पाण्यावर घ्यावा. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. बहुतेक मासे मरतात ते याच काळात. समुद्राजवळच्या विहिरी-बोअरिंगचे पाणी बऱ्याचदा जड आणि अल्कधर्मी असते. मलावीच्या माशांना ते आवडते, पण अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात आणखी. म्हणजे ज्या पाण्याने मलावी फुलतो त्याच पाण्यात, टाकी अस्वच्छ राहिली, तर तो लवकर मरतो. त्यात वसई-विरार परिसरात पाणी नेहमी एका जागचे नसते. नळाला सूर्या, पेल्हार किंवा उसगाव धरणाचे, ते पुरले नाही तर टँकरचे, नाहीतर बोअरिंगचे. आज धरणाचे मऊ क्लोरीनयुक्त पाणी, चार दिवसांनी बोअरिंगचे जड पाणी, असा धक्का एकदम दिला की मासा रंग टाकतो. एका वेळी पाव हिश्शाहून जास्त पाणी न बदलणे, नळाचे पाणी अँटीक्लोरीन घालूनच वापरणे, अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा छोटा संच घरात ठेवणे, हे सगळे मिळून औषधांच्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडते. आणि ते निळे औषध, मिथिलीन ब्लू, बुरशीवर उपयोगी असले तरी मुख्य टाकीत ओतल्यावर अमोनिया पचवणाऱ्या त्याच जिवाणूंना मारते. पाण्याने त्रासलेल्या माशाचे पाणी त्याने आणखी बिघडते. खरोखर रोगी मासा वेगळ्या भांड्यात काढून त्याच्यावर उपचार करावेत.

एक शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर. वाढलेला, भांडखोर झालेला, रंग उतरलेला मासा नकोसा होतो तेव्हा तो कुठे जातो? मारवत नाही म्हणून माणसे तो जवळच्या पाण्यात सोडतात. हेतू दयेचा असतो. पण काचा साफ करायला पाळला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच सुटून उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला, जाळी फाडू लागला, आणि त्याला कुणी विकत घेत नाही. तिलापियाची गोष्ट वर आलीच आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जीवांच्या यादीत तो आहे, आणि आफ्रिकेतल्या त्याच्या मूळ नद्यांत मात्र दुसऱ्या तिलापियाशी संकर होऊन तो धोक्यात आला आहे. वसईची बावखले, म्हणजे गावातली जुनी तळी, ही इथल्या वाड्यांची जीवनरेषा. केळी, पानवेल आणि फुलांच्या बागा त्यांच्यावर पोसल्या गेल्या. त्यांतली कितीतरी भराव घालून बुजवली गेली. जी उरली त्यांत देशी मरळ, शिंगी, बेडूक, चतुर यांचा संसार आहे. तिथे एक जोडी फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर सोडणे म्हणजे जागा राखण्यात, पिल्ले जपण्यात आणि मिळेल ते खाण्यात तरबेज असलेल्या कुळाला बिनशत्रूचे पाणी देणे.

यावर उपाय अवघड नाही. मासा विकणाऱ्याने तो परत घेण्याची तयारी ठेवावी आणि तशी पाटी दुकानात लावावी. घेणाऱ्याने विकत घेताना दोनच गोष्टी विचाराव्यात: हा केवढा होतो, आणि मोठा झाल्यावर याचा रंग आणि स्वभाव कसा असतो. ज्या दुकानात या प्रश्नांना उत्तर मिळत नाही तिथून मासा आणू नये. मत्स्यव्यवसाय खात्याने तलावांच्या आणि बावखलांच्या काठी परके मासे सोडू नयेत असे मराठीत स्पष्ट लिहिलेले फलक लावावेत, आणि ग्रामपंचायतींनी ते आपल्या हद्दीत टिकवावेत. पावसाळ्यात बावखले भरून वाहतात आणि पाणी ओढ्यांतून खाडीकडे जाते. त्यामुळे हे काम १ जूनला मासेमारी बंदी लागण्याआधी, पाणी आटलेले असतानाच व्हायला हवे.